सुईही तूच पारखलीस, वैनी, आणि थप्पीही

वैनी, आज तुझी तेरवी झाली. अमरावतीच्या परकोटातलं अर्धं गाव जेवून गेलं. हात धुताना जो तो एकच बोलत होता, "नशीब तिचं." कोणी म्हणे आयुष्यच तेवढं होतं, कोणी म्हणे देवाला चांगली माणसं लवकर लागतात. मी कढी वाढत होतो. शेवटच्या पंगतीतही तेच कानावर आलं तेव्हा भांडं खाली ठेवलं आणि विचारलं, "कापसाची थप्पी काय नशिबानं रचली होती?" लोक हातात घास धरून माझ्याकडे पाहत राहिले. दादानं मला दंडाला धरून आत नेलं. "पंगतीत नोको बोलू रे किसना. लोक जेवून राहिले."

लोक जेवत होते म्हणून गप्प बसलो. आता ते जेवून गेले. पंतोजींनी शिकवलेली अक्षरं आजवर गिऱ्हाइकाची मापं लिहिण्यापलीकडे कामी आली नव्हती, आज येऊ देत. बोलायचं तर तुझ्याशीच बोलायला हवं. तू असतीस तर पहिल्याच वाक्याला मला अडवलं असतंस आणि आपलं भांडण जुंपलं असतं. दीर-भावजयीच्या भांडणाशिवाय आपलं दुकान कधी उघडलं नाही.

आज ज्या बायका पदर डोळ्याला लावून "सुभद्रा म्हणजे घरातली लक्ष्मी" म्हणत होत्या ना, त्यांचे मागचे बोल मला पाठ आहेत. तू सोन्याच्या पाटल्या मोडून मुंबईहून शिवणाचं यंत्र मागवलंस तेव्हा याच बायका पाणवठ्यावर म्हणत होत्या, "शिंप्याच्या बायकोले लोखंडाची सवत पायजे होती." तुला त्या दिवशी हसू आलं होतं. मला अजून येत नाही.

ते दिवसच उलटेपालटे होते. सातासमुद्रापलीकडे कुठल्याशा मुलखात गोऱ्यांची आपसात लढाई लागली आणि इकडे वऱ्हाडात कापसाला असा भाव आला की लोक उशीतला कापूससुद्धा काढून विकतील असं वाटे. सूत कातणाऱ्या बायकांनी चरखे माळ्यावर टाकले. कातायला कापूस उरतो कुठे? सगळा गाड्यांत भरून चालला. आपल्याच काळ्या मातीत पिकलेला कापूस, आणि आपल्याच दुकानात शिवायला धड दोरा मिळेना. मला तेव्हाही त्याचा संताप यायचा. तू मात्र म्हणायचीस, "संतापानं दोरा भेटते का भाऊजी? शोधा."

आणि काम तर वाढतच होतं. ज्या घरांत जुन्या लुगड्यांच्या गोधड्या पांघरत, त्या घरांना आता नव्या कापडाची, पिंजलेला कापूस भरलेली रजई हवी झाली. तू हातानं टाका घालून घालून बोटं सोलून घेतलीस. मग एक दिवस कॅम्पातल्या पारशी दुकानदाराकडे ते यंत्र पाहून आलीस आणि घरी येऊन दादासमोर पाटल्या काढून ठेवल्यास. दादा "मोडू नोको" म्हणाला. तू म्हणालीस, "पाटल्या घालून टाका घालता येत नाई. दोन्हीतलं एक ठेवतो."

यंत्र आलं. हातानं चाक फिरवायचं, खाली विणकराच्या धोट्यासारखा एक छोटा धोटा पळायचा. सगळ्यात नवल सुईचं. आपल्या सुईचं नेढं डोक्याशी, हिचं टोकाशी. अंगरख्याला ते यंत्र असं चाललं की दादाही चाक फिरवायला आला. पण रजई खाली घातली आणि दैना झाली. वर कापड, मध्ये कापूस, खाली अस्तर. पहिल्या हातभर शिवणीतच सुई कट्कन मोडली. दुसरी घातली, तर दोरा नेढ्याशी पिंजून त्याचा कापूस झाला. तू यंत्राकडे पाहिलंस, मग माझ्याकडे, जणू मीच ते विलायतेहून पाठवलं होतं.

मी म्हणालो, दोरा बदल. रिळावरचा तो चकचकीत विलायती दोरा आणू, तो गुळगुळीत आहे, सरकेल. तू म्हणालीस, नाही, घरी पीळ दिलेला जाड दोराच घालायचा, रजईला दम लागतो. आपण दोघंही चुकलो होतो, वैनी, आणि दोघंही किती ठासून बोलत होतो! तुझा जाड दोरा नेढ्यात अडकून तुटायचा. माझ्या चकचकीत दोऱ्याची खळ गरम सुईवर सुटायची आणि तिचा चिकटा धोट्यात साचायचा. शेवटी जाड सुई घातली, तर तिनं कापडाला एवढाली भोकं पाडली. त्या भोकांतून कापसाचे तंतू बाहेर डोकावायला लागले. म्हाताऱ्याच्या कानातून केस यावेत तशी दिसत होती ती रजई. दादा हसला म्हणून तू त्याला दुपारचं जेवण वाढलं नव्हतंस.

पुढचे कित्येक दिवस आपण दुसरं काही केलं नाही. तू दारात उजेडाला बसायचीस. सुईत दोरा ओवून दोऱ्याची दोन्ही टोकं तिरपी ताणून धरायचीस आणि सुई वरच्या टोकाशी सोडून द्यायचीस. सुई आपल्याच वजनानं दोऱ्यावरून घसरत खाली आली तर जोडी जमली. मध्येच अडली तर नेढं लहान. खडखडत पडली तर नेढं मोठं. ही युक्ती तुला कोणी शिकवली हे मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "कोणी कायले शिकवीन? अंगठी बोटात जाते का नाई, तसंच पायतो." मग तीन पदरी, मऊ, खळ नसलेला सुती दोरा ठरला. सुई मधल्या जाडीची. टाका अंगरख्याच्या दुप्पट लांब. वरचा दोरा जरा सैल सोडायचा. आधी मधून कडेकडे हाताचा कच्चा टाका घालून तिन्ही थर धरून ठेवायचे. आणि एक रजई झाली की सुई काढून टाकायची, मग दादानं कितीही म्हटलं की दगडावर घासून टोक काढतो.

हे सगळं आज सोपं वाटतं. दुकानात येणारा प्रत्येक शिंपी विचारून जातो आणि घरी जाऊन म्हणतो, मला आधीच ठाऊक होतं. तुझं नाव घेताना त्यांची जीभ जड होते. मी ऐकून घेतो, पण विसरत नाही.

आपलं एक भांडण मात्र तसंच राहिलं. मी म्हणायचो, दोरा कापडाच्या रंगाचा घ्यावा, म्हणजे टाका वाकडा गेला तरी दिसत नाही. तू पांढऱ्या कापडावर मुद्दाम लाल दोरा घालायचीस. मी डोकं धरून बसायचो. "टाका लपवाले का चोरी केली हाय?" तू म्हणायचीस. "दिसू द्या ना. वाकडा गेला तर उसवून पुन्हा घालू." मी आजही म्हणतो की हे धंद्याला परवडणारं नाही. उसवण्यात अर्धा दिवस जायचा. पण तू शिवलेली रजई उन्हात दोरीवर वाळत असली की रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या थांबायच्या. हे तुला मी कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर भांडण मी हरलो असतो.

मग शेट आला. तेव्हा दादा किती खूश झाला होता! अमरावतीत हवेली, अकोल्याला कापसाचं आवार, अडतीचा मोठा कारभार. मुलीच्या लग्नाला रजया हव्या होत्या. सोबत रेशमी दोऱ्याच्या लडी घेऊन आला. तू लडी हातात घेतलीस, कापडाला लावून पाहिलीस आणि परत दिलीस.

"रेशीम सुती कापडाले कापते शेटजी. दोन पावसाळ्यांत रजई टाक्याटाक्यावर फाटन."

"दोरा माहा हाय. पैसा माहा हाय. तू शिव."

"टाका माहा हाय ना पण."

दादानं कपाळाला हात लावला. शेट चिडून गेला आणि चार दिवसांनी मुलीला घेऊन परत आला. मुलीनं तुझा लाल दोरा पाहिला आणि म्हणाली, मले असंच पायजे. रजया झाल्या. शेटनं चारचौघांत तुझं कौतुकही केलं. मी खोटं लिहीत नाही, माणूस त्या दिवशी मनापासून बोलला. म्हणून तर पुढं तो बोलवायला आला तेव्हा आपण तिघंही यंत्र गाडीत घालून निघालो.

त्याला हवं होतं काय, तर कापसाच्या गठाणींचं, त्या दाबलेल्या गठ्ठ्यांचं, गोणपाट यंत्रावर शिवायचं. भाव आणखी चढेल म्हणून त्यानं हंगामभर माल अडवून ठेवला होता. मग लढाई संपत आल्याची आवई उठली आणि शेटची झोप उडाली. भाव पडायच्या आत सगळा कापूस दाबून, गोणपाटात शिवून, गाड्यांवर चढवून मुंबईच्या वाटेला लावायचा होता. हातानं शिवणाऱ्यांचा वेग त्याला पुरेना. तू अमरावतीतच सांगितलं होतंस, "गोणपाटाले दाभण लागते अन् सुतळी लागते. हे सुई कापडाची हाय. मोडन." तो म्हणाला, "तू ये तं. पायल्याबिगर नाई नोको म्हणू." तू गेलीस, कारण पाहिल्याशिवाय नाही म्हणणं तुलाही आवडायचं नाही.

अकोल्याचं ते आवार मला डोळे मिटले तरी दिसतं. गाड्याच गाड्या, बैल माना टाकून उभे. हवेत कापसाची कुसं, नाकात जातील तेवढी. जागा संपली होती म्हणून नव्या गठाणी जुन्यांवर चढवत नेल्या होत्या. भिंतीशी लागून एक थप्पी तर घराच्या आढ्याएवढी उंच. खालच्या गठाणी जुन्या, एका बाजूनं दबलेल्या. वरच्या नव्या, ताठ. खाली ना ओंडका, ना टेकू. तिच्या सावलीत बायका कापसातली पत्ती निवडत बसल्या होत्या, कारण त्या आख्ख्या आवारात सावली तेवढीच होती.

तू गोणपाटाचा तुकडा सुईखाली घातलास. पहिल्याच टाक्याला सुई गेली. मोडकं टोक तळहातावर घेऊन शेटला दाखवलंस. "पायलं? आता बोला." तो काही बोलायच्या आत तू वर पाहिलंस.

"शेटजी, ते थप्पी वाकडी झाली."

"तशीच रायते ते. दाबाची गठाण हाय, पडत नाई."

"मी कापडाचे तागे रचतो. मले समजते. खालून बसून राहिली ते. त्या बायकांयले उठवा."

शेट हसला. त्याच्या शेजारी उभा असलेला हमालांचा मुकादम हसला नाही, मान खाली घालून उभा राहिला. शेट म्हणाला, "तू तुही सुई पाय. थप्पी मी पायतो."

हे मी माझ्या कानांनी ऐकलं, दादानं ऐकलं, मुकादमानं ऐकलं. जिला गोणपाटाची पारख करायला आणलं, तिनं थप्पीची पारख केली तर शेटला हसू आलं.

तू पदर खोचलास आणि सरळ त्या बायकांकडे गेलीस. "उठा वं, उठा. कामधंदा तिकडे करा." दोघी-तिघी उठल्या. तुळसा नावाची एक पोटुशी होती, तिला उठायला वेळ लागला. तू तिला हाताला धरून ओढलंस आणि पुढं ढकलून दिलंस. थप्पी कोसळताना मोठा आवाज झाला नाही, वैनी. एक जड, मऊ आवाज झाला. आणि मग सगळीकडे धूळ.

हमालांनी गठाणी कशा उपसल्या ते मी लिहीत नाही. तू सापडलीस तेव्हा श्वास नव्हता. दादा तुझ्या हातावरची कुसं झटकत बसला, झटकतच राहिला.

अकोल्यातच मोर्णा नदीच्या काठी तुला अग्नी दिला. तिथं शेट आला होता. हात जोडले, डोळ्यांत पाणीही होतं. आणि मग जाताना त्याच्या ओळखीच्या एका माणसाला म्हणाला, "बाईमानसानं आवारात यावंच कायले?" मी पाठमोरा उभा होतो. वळलो तेव्हा तो गाडीत बसत होता. ज्यानं तुला स्वतः घरी येऊन बोलावलं, त्यानं विचारावं की बाई इथं आली कशाला! पत्ती निवडायला वर्षानुवर्षं बायाच लागतात, तेव्हा नाही कोणी विचारत. आणि हे ऐकून दादा काय म्हणाला ठाऊक आहे? "मोठा माणूस हाय, आला तरी." मला दादाचाही राग आला. त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि राग गिळला. तो माणूस आतून रिकामा झाला होता, त्याच्यात माझा राग ठेवायला जागा नव्हती.

तुझ्यावरही रागावलो आहे मी. कशाला गेलीस? शेटला अजून चार शब्द सुनावले असतेस, हमालांना हाक मारली असतीस, मला सांगितलं असतंस! मी तुझ्यापासून दहा पावलांवर मोडकी सुई हातात घेऊन उभा होतो. मग वाटतं, तुला सांगत बसायची सवयच कुठे होती? दादा जेवायला बसायच्या आत तुझा वाढता हात पुढं व्हायचा. मी लग्न न करता फिरत होतो तेव्हा गावात बोलणाऱ्यांची तोंडं तू बंद केलीस. आई गेल्यावर या घरात चूल थंड पडली नाही ती तुझ्यामुळे. यातलं काहीच मी तुला बोलून दाखवलं नाही. आपल्या घरात असं बोलायची रीत नाही, आणि आता ती रीत मला फार वाईट वाटते.

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा केल्या. दादाला धर्मशाळेत बसवून मी यंत्र आणायला आवारात गेलो. सुतकात गेलो म्हणून आज नावं ठेवणारे होतेच, ठेवू देत.

आवार शांत होतं. गाड्या तशाच उभ्या. हमाल कडेला उकिडवे बसलेले, एकानंही गठाणीला हात लावलेला नव्हता. मुकादम शेटसमोर उभा होता, आणि या वेळी त्याची मान वर होती.

"शेटजी, पहिले उरलेल्या थप्प्या उतरवतो. मानसाच्या उंचीवर गठाण चढवणार नाई आमी. बाजूले टेकू लावतो. मंग गाड्या भरतो."

"भाव पडून राहिला तिकडे! अन् तुमाले आता सुचलं?"

"आता नाई सुचलं. मी पंधरवड्यापासून सांगून राहिलो. तुमी आयकलं नाई. त्या बाईनं सांगतलं, तेही आयकलं नाई."

म्हणजे मुकादमानं आधीच सांगितलं होतं. म्हणून तो हसला नव्हता. शेटनं मला पाहिलं. तो म्हणाला, "किसन, तू समजदार हायेस. तूच सांग यायले. होणारं होऊन गेलं."

मी म्हणालो, "होऊन गेलं नाई, शेटजी. तुमी केलं. तुमाले दोघांनी सांगतलं होतं."

मी तिथंच जमिनीवर हमालांशेजारी बसलो. तुळसा आली आणि माझ्या बाजूला बसली. मग पत्ती निवडणाऱ्या बाकीच्या बायका आल्या. गाडीवाले उतरून जवळ आले. कोणी घोषणा दिल्या नाहीत, कोणी हात उगारला नाही. सगळे फक्त बसून राहिले. शेट आत गेला, बाहेर आला, गाड्यांच्या रांगेकडे पाहिलं, पुन्हा आत गेला. ऊन वर येत होतं. शेवटी बाहेर येऊन तो मुकादमाला म्हणाला, "उतरवा. लवकर उतरवा."

त्याला पश्चात्ताप झाला असं मला वाटत नाही. गाड्या खोळंबल्या होत्या, एवढंच. हमाल उठले. एकानं खालून, एकानं वरून, अशा गठाणी उतरत गेल्या. सुताराला बोलावून बाभळीचे टेकू ठोकले. बायकांना बसायला भिंतीच्या पलीकडे सावलीसाठी बांबूच्या ताट्या बांधल्या. मी यंत्र गाडीत ठेवून उभा राहून पाहत होतो. एवढी उंच थप्पी, जिच्याकडे बोट दाखवून तू बोललीस, जिच्याखाली तू गेलीस, तसल्या सगळ्या थप्प्या त्यांनी उतरवून, नीट रचून, टेकू लावून उभ्या केल्या. शेट सावलीत उभा राहून घाम पुसत होता.

दुपार टळायच्या आत सगळं झालं. एका दुपारचं काम होतं, वैनी.